ग्राइम्स ग्रेव्ह्ज: चकमकीच्या दगडाची खाण आणि एक कारागीर

केंब्रिजबद्दल सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, ते सोडतो. तिथून ट्रेनने ब्रँडन गावी आणि पुढे टॅक्सी करून ग्राइम्स ग्रेव्ह्जला, म्हणजे इंग्लंडमधल्या चकमकीच्या दगडाच्या प्राचीन खाणींवर गेलो, त्याबद्दल लिहायचंय. माळरानावर खड्डेच खड्डे, ४०० च्या वर, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची बुजलेली खाण. एका खाणीत ९ मीटर खाली उतरता येतं. त्या लोकांनी हे सगळं हरणाच्या शिंगांनी खणलंय, आणि वरच्या थरातला दगड सोडून पार तळाचा काळा दगड गाठलाय, कारण धार त्यालाच चांगली येते. किती पारख असेल!

पण खरा जीव रमला तो वर, दगड घडवणाऱ्या माणसापाशी. मांडीवर जाड चामडं, डोळ्यांवर चष्मा. आधी दगडावर टकटक करून आवाज ऐकला, खणखणीत वाजला तो ठेवला, बद्द वाजला तो बाजूला टाकला. मग मला वाटलं आता मारेल, तर नाही, कितीतरी वेळ नुसती कड घासत बसला, कारण कड कच्ची असेल तर ती तिथेच चुरा होते आणि टवका निघत नाही. मग कोन बघून शिंगाचा एकच घाव, आणि हातभर नाही पण बोटभर लांब पातळ कपची सुटून चामड्यावर पडली. त्या कपचीने त्याने चामड्याची पट्टी सरळ कापून दाखवली, जोर न लावता.

आणि लोक काय करतात, तर घाव पडायची वाट बघत मोबाईल धरून उभे, व्हिडिओ मिळाला की पुढे! त्या घासण्यातच सगळी विद्या आहे हो, ते कोणीच बघत नव्हतं. ‘अश्मयुगीन’ म्हणजे रानटी असं आपण सर्रास बोलतो त्याचा मला तिथे फार राग आला.

ब्रँडनमध्ये तर नेपोलियनच्या युद्धात बंदुकांसाठी हेच दगड घडवायचे, आणि ती धूळ छातीत जाऊन कारागीर अकाली मरायचे. धार स्वस्तात आलेली नाही.

आपल्याकडे नेवाशाला प्रवरेकाठी दगडी हातकुऱ्हाडी सापडल्यात, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती निघालीत, तीही अशीच आधी कड तयार करून काढलेली. इंग्लंडला जाणार असाल तर प्रात्यक्षिक असेल तोच दिवस धरा, नुसती खाण बघून अर्धंच कळतं. आणि इनामगावच्या पात्यांसमोर शाळेची पोरं बसवून कोणी असं घडवून दाखवेल का, एवढंच मला विचारायचंय.