डॅशबोर्डमागच्या बिघाडाचे घरगुती निदान : आमची वाटचाल

गाडीच्या एसीची दुरुस्ती हा आमचा मूळ धंदा. तो आजही चालू आहे. परंतु आमच्याकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग आता निदानाचा आहे, आणि त्यातील बरेचसे निदान गाडीचे मालक आपल्या घरी, आपल्या हाताने करतात. काय पाहायचे, काय मोजायचे आणि कशाला हात लावायचा नाही, एवढे आम्ही त्यांना सांगतो. दुरुस्ती करणाऱ्याने ग्राहकाला आपले कसब शिकवावे, हे अनेकांना उफराटे वाटले. आम्हाला मात्र या कामाची खरी गरज तिथेच दिसली आणि व्यवसायाची पुढची सारी घडण त्यातूनच झाली.

सुरुवात आम्ही दोघा भागीदारांनी केली. माझा अनुभव वाहनांच्या वायरिंगचा, तर भागीदारांचा हात शीतकरणाच्या कामात बसलेला. त्या वेळच्या बहुसंख्य गाड्यांत तापमानाची कळ फिरवली की केबल ओढली जाई आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डमागची झडप हले. बिघाड शोधायला फार लांब जावे लागत नसे. त्यामुळे ‘थंड होत नाही’ या तक्रारीवर ‘गॅस भरून घ्या’ हे उत्तर धंद्यात रूढ झाले होते. ते पुष्कळदा लागू पडे, म्हणूनच ते टिकले. पण एसीची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातील गॅस वापराने संपत नाही. सील आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे खरे. मात्र भरलेला गॅस एकाच मोसमात नाहीसा झाला, तर तो कुठून तरी गळतो आहे आणि पुन्हा भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार आहे. गळतीचा पत्ता लागल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हा भागीदारांचा पहिल्या दिवसापासूनचा आग्रह, आणि आमच्या व्यवसायाची ओळख पुढे त्यावरच ठरली.

ऑटो क्लायमेट कंट्रोलच्या गाड्या वाढू लागल्या तेव्हा माझ्या वायरिंगच्या अनुभवाला अचानक मोल आले. ठरवलेले तापमान आपोआप राखण्याची कल्पना तशी जुनी. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलांतच ती आणली होती. ती सर्वसाधारण गाड्यांत उतरल्यावर बिघाडाचे स्वरूप बदलले. चालक फक्त २२ किंवा २४ असा आकडा लावतो. बाहेरची हवा, केबिनमधली हवा, डॅशबोर्डवर पडणारे ऊन आणि आत येणारी हवा जिच्यावरून जाऊन थंड होते त्या कूलिंग कॉइलचे तापमान मोजणारे सेन्सर आपापली वाचने पाठवतात, आणि नियंत्रक त्यांवरून पंख्याचा वेग, गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचे काम आणि थंड-गरम हवा मिसळणाऱ्या झडपांची जागा ठरवतो. यांपैकी एक वाचन चुकले, तरी गॅस पुरेपूर असताना गाडी आतून तापते. बाहेरच्या हवेच्या सेन्सरची तार तुटली, तर कित्येक गाड्यांत पडद्यावर उणे ४० अंश दिसू लागते, आणि बाहेर कडाक्याची थंडी आहे असे समजून नियंत्रक कॉम्प्रेसर चालूच करीत नाही. हा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे असतो. किरकोळ धडकेनंतर त्याचा कनेक्टर निखळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

मग हे निदान घरी का? कारण बिघाड ज्या परिस्थितीत दिसतो, ती परिस्थिती मालकाच्या दारात असते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इग्निशन फिरवताच डॅशबोर्डमागून येणारा टकटक आवाज, लांबच्या प्रवासात तासाभराने कमी होणारा हवेचा झोत, किंवा फक्त सिग्नलला थांबल्यावर गरम होणारी हवा, यांपैकी काहीही गाडी वर्कशॉपमध्ये आल्यावर हमखास दिसेलच असे नाही. मालक ते रोज पाहतो; फक्त त्यातले काय महत्त्वाचे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आम्ही गाडी बोलावण्याआधी फोनवर प्रश्न विचारायला लागलो, आणि पुढे त्या प्रश्नांचेच एक छापील नोंदपत्रक झाले.

पत्रकातला पहिला प्रश्न आजही तोच आहे: हवा कमी येते, की पुरेशी येते पण थंड नसते? या एका प्रश्नाने निम्मे काम हलके होते, कारण या दोन तक्रारींची मुळे सहसा वेगवेगळी असतात. हवा कमी येत असेल, तर आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो काढून उजेडासमोर धरला आणि पलीकडचे काहीच दिसेना, तर शोध तिथेच संपू शकतो. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर फिरत असेल, तर ज्या गाड्यांत वेग रेझिस्टरने कमी केला जातो तिथे तो रेझिस्टर जळालेला असण्याचा संभव मोठा, कारण पूर्ण वेगाला वीज त्याला वगळून जाते. आणि हवा सुरुवातीला छान थंड, नंतर क्षीण, दहा-पंधरा मिनिटे एसी बंद ठेवल्यावर पुन्हा जोरात, आणि त्या वेळात गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी, असा क्रम असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइल शून्य अंशाच्या जवळ आली की कॉम्प्रेसर थांबवायचा किंवा त्याचे काम कमी करायचे, ही सूचना ज्या सेन्सरच्या वाचनावरून निघते, त्याच्याकडे अशा वेळी प्रथम संशयाने पाहावे. हा क्रम मालकाने लिहून आणला, तर आमचा बराच वेळ वाचतो.

हवा पुरेशी असून थंड नसेल, तर मोजमाप लागते. आम्ही ग्राहकांना देतो त्या पेटीत एक बारीक टोकाचा थर्मामीटर, एक साधा मल्टिमीटर, एक टॉर्च आणि पत्रक एवढेच असते. गाडी सावलीत उभी करावी, एसी सर्वांत थंडवर, आतलीच हवा फिरवण्याचे बटण चालू, पंखा मध्यम, इंजिनचे फेरे १५०० च्या आसपास, आणि डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत थर्मामीटर घालून दहा मिनिटे थांबावे. हवा कोरडी असेल, तर बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंशांचा फरक पडणे समाधानकारक मानतो. दमट हवेत हा फरक कमी दिसतो, कारण यंत्रणेची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यातच जाते. म्हणून पत्रकात हवा दमट की कोरडी याचीही नोंद मागतो. त्यानंतर गाडी चालती असताना आणि थांबलेली असताना अशी दोन वाचने घ्यावीत. चालत्या गाडीत थंड आणि थांबल्यावर गरम, असे असेल तर कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागावर, पुरेशी हवा जात नाही: त्याचा पंखा फिरत नाही, किंवा त्याची जाळी चिखल-किड्यांनी भरली आहे.

जी वाचने आम्हाला सर्वांत बोलकी वाटतात, ती डाव्या आणि उजव्या जाळ्यांची. दोन्ही बाजूंना वेगळे तापमान लावता येणाऱ्या एका गाडीच्या मालकांनी चारही जाळ्यांची नोंद पाठवली होती. एका बाजूला ८ अंश, दुसऱ्या बाजूला १९. असे दिसले की सहसा त्या बाजूची मिश्रणाची झडप अडकली असे गृहीत धरतात, आणि ती बदलण्यासाठी डॅशबोर्ड उघडतात. आमच्या सहकारी बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट करायला सांगितली: दोन्ही बाजूंचे तापमान सर्वांत गरमवर न्या आणि पुन्हा सर्वांत थंडवर आणा. दोन्ही बाजू सारख्याच तत्परतेने गरम झाल्या, म्हणजे झडपा फिरत होत्या. गॅस कमी असला की कूलिंग कॉइलचा काही भागच थंड होतो आणि एका बाजूच्या जाळीत उबदार हवा येते. गळती कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, दगड लागलेल्या जागी सापडली. डॅशबोर्डचा एक स्क्रूही काढावा लागला नाही.

उलट झडपेचाच दोष असेल, तर तो बहुधा आवाजाने कळतो. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरमध्ये प्लॅस्टिकची दातेरी चाके असतात. एखादा दात तुटला की मोटर जागच्या जागी अडखळते आणि इग्निशन सुरू करताच काही सेकंद टक, टक, टक असा एकसारखा आवाज येतो. तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगतो. बॅटरी नुकतीच बदललेली असेल, तर झडपा आपल्या फिरण्याची दोन टोके विसरलेल्या असू शकतात. अनेक गाड्यांत इग्निशन चालू केल्यावर नियंत्रक त्या पुन्हा शोधतो, आणि तेवढा वेळ कोणत्याही बटणाला हात न लावणे पुरते. केबिनचा सेन्सर तपासायला तर काहीच लागत नाही. डॅशबोर्डवरच्या ज्या छोट्या जाळीमागे तो असतो, तिच्यावर एसी चालू असताना टिश्यू पेपरचा बोटभर तुकडा धरावा. ज्या गाड्यांत या सेन्सरवरून हवा ओढली जाते, तिथे कागद हलकेच चिकटून राहायला हवा. तो गळून पडला, तर आतली नळी निखळली आहे, किंवा धूळ साचली आहे, आणि सेन्सर केबिनची हवा न मोजता डॅशबोर्डची ऊब मोजतो आहे.

काही गाड्या आपला दोष स्वतःच सांगतात. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत ऑटो आणि आतली हवा फिरवण्याचे बटण एकत्र दाबून इग्निशन फिरवले की पडद्यावर कोड येतात: ११ केबिनच्या सेन्सरचा, १२ बाहेरच्या हवेचा, १३ कूलिंग कॉइलचा, २१ उन्हाच्या सेन्सरचा. येथे एक सावधगिरी मुद्दाम छापली आहे. बंद गॅरेजमध्ये ही तपासणी केली, तर उन्हाचा सेन्सर चांगला असूनही २१ दिसतो, कारण त्याच्यावर ऊनच नसते. म्हणून ती उघड्यावर, दिवसा करावी.

हिवाळ्यातली ‘हीटर गरम होत नाही’ ही तक्रारही याच पत्रकात आम्ही नंतर घेतली. इंजिन तापल्यावर, त्याचे गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हीटरकडे नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या दोन्ही नळ्या जपून चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील तर दोष झडपेकडे. एक गरम आणि दुसरी बरीच थंड असेल तर हीटरचा गाभा तुंबलेला, किंवा कूलंट कमी होऊन आत हवा अडकलेली. कूलंटची पातळी फक्त थंड इंजिनावर पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत आहे.

निदान शिकवताना जितका वेळ आम्ही काय करावे यावर घालवला, तितकाच काय करू नये यावर घालवला. गॅस घरी भरू नये, ही त्यातली सर्वांत वादाची सूचना, कारण टॉप-अपच्या बाटल्या सहज मिळतात आणि बाटलीवरचा गेज विश्वासार्ह वाटतो. पण बंद इंजिनावर दाब पाहून गॅस किती आहे, हे कळत नाही. यंत्रणेत थोडासाही द्रव गॅस शिल्लक असेल, तर २५ अंशांना आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब ८२ पीएसआयच्या आसपासच दिसणार, मग गॅस पूर्ण असो की निम्मा. इंजिन चालू असतानाचा दाबही हवेच्या तापमानावर आणि कंडेन्सरच्या स्थितीवर अवलंबून असतो, त्यामुळे एका बाजूच्या गेजवरून अंदाज बांधणे धोक्याचे. गॅस वजनानेच भरायचा असतो. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गळती बुजवणारे द्रव्य असलेल्या बाटल्यांना आमचा ठाम विरोध आहे. ते द्रव्य गाडीतला गॅस काढून घेणाऱ्या आमच्या रिकव्हरी यंत्रालाही बाधते, त्यामुळे गाडी घेण्याआधी आम्ही त्याची चौकशी करतो.

गॅसचे प्रकार बदलत गेले, तशी आमची गुंतवणूकही वाढत गेली. ओझोनच्या थराला अपाय करणारा आर-१२ हा १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि आर-१३४ए आला. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक असल्यामुळे पुढे आर-१२३४वायएफ आला, आणि युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए वापरता येत नाही. नवा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्याला वेगळे यंत्र लागते. एवढी यंत्रसामग्री एका लहान व्यवसायाला पेलवते, ती निदानाचे शुल्क आम्ही दुरुस्तीपासून वेगळे ठेवले म्हणून. सुरुवातीला काही जण यावर नाराज झाले. पण घरी भरलेले पत्रक घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आम्ही ते शुल्क कमी लावतो, आणि ज्यांचा दोष फिल्टर किंवा फ्यूजवरच मिटतो, त्यांना गाडी आणायला सांगतच नाही. त्या लोकांनी आमच्याकडे इतरांना पाठवले. जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च केलेला नाही.

सध्या विद्युत गाड्यांसाठी वेगळे पत्रक तयार करीत आहोत. त्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, तर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्यामुळे कॉम्प्रेसर जोडला जाताना होणारा क्लचचा ‘खट्’ आवाज ऐकण्याची जुनी पद्धत तिथे चालत नाही, आणि ती वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलच्या जवळपास मालकाने मल्टिमीटर नेऊ नये, ही पहिली ओळ आहे. जाळ्यांचे तापमान, केबिन फिल्टर, टिश्यू पेपर आणि आवाजाचे रेकॉर्डिंग हे मात्र तसेच राहील. चार्जिंगला लावलेल्या गाडीत एसी चालू ठेवून घेतलेली वाचने आणि रस्त्यावर घेतलेली वाचने यांसाठी दोन स्वतंत्र रकाने केले आहेत, कारण काही गाड्यांत तेच कॉइल-गॅसचे चक्र बॅटरीलाही थंड करते आणि जलद चार्जिंगच्या वेळी केबिनच्या वाट्याला कमी थंडावा येऊ शकतो. ते पाहून एसी बिघडला असे समजू नये, म्हणून त्या रकान्याशेजारी चार्जिंग जलद होते की संथ, एवढी नोंद करण्यापुरती एक चौकट ठेवली आहे.