तुम्ही विचारलंत म्हणून : नुसत्या पोटाला लठ्ठपणा म्हणायचे का?

"डॉक्टर, माझे हातपाय तर बारीकच आहेत, वजनही काही फार नाही, फक्त पोट तेवढे सुटले आहे. एवढ्याने काय बिघडते?" चाळिशीच्या आसपासचे पुरुष हा प्रश्न मला वारंवार विचारतात, आणि विचारतात तेव्हा बहुतेक जण आलेले असतात भलत्याच कामासाठी, कोणी सर्दीचे औषध घ्यायला, कोणी विम्याच्या कागदांवर सही घ्यायला, तर कोणी आईला दाखवायला. उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे, कारण नुसते 'पुष्कळ बिघडते' म्हटले तर ते कोणाला पटत नाही.

आपल्याकडे पुरुषाच्या पोटाकडे कोणी आजाराचे लक्षण म्हणून पाहत नाही. लग्न मानवले, खात्यापित्या घरचा दिसतो, असे कौतुकच होते. त्यातच पँटच्या नंबरामुळे फसगत होते. नंबर वर्षानुवर्षे 34 च राहतो, कारण पोट वाढेल तशी पँट खाली सरकत जाते आणि पट्टा पोटाच्या खाली बांधला जातो. टेप मात्र शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडलेला असताना धरायची असते. तिथे त्याच माणसाचा आकडा 98 किंवा 102 सेंटिमीटर निघतो. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटरची, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांची आहे. टेप दिसताच पोट आत ओढून धरण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की माप घेताना मला समोरच्याला बोलण्यात गुंतवावे लागते.

वजनाच्या काट्यावर विसंबून का चालत नाही, याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता; परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात असेही दिसले, की तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांहून पुष्कळ हलकी असली, तरी कमतरता प्रामुख्याने स्नायूंची असते, त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून असते. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 30 ऐवजी 25 च्या बीएमआयवर आखली आहे. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला ती 72 किलोच्या आसपासच लागते.

आता पोटाच्या चरबीविषयी. झाँ व्हाग नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1947 मध्येच दाखवून दिले होते, की मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार यांच्याशी जास्त संबंध मांड्या-नितंबांवरच्या चरबीचा नसून धडाच्या वरच्या भागात साठणाऱ्या, पुरुषी धाटणीच्या चरबीचा आहे. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी त्यामानाने सौम्य असते. खरा उपद्रव आतड्यांभोवती साठलेल्या चरबीचा असतो. तिथले रक्त थेट यकृताकडे जात असल्याने तिच्यातून सुटणारी मेदाम्ले आधी यकृतावर येऊन पडतात. यकृत चरबीने भरत जाते, इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि रक्तात साखर व ट्रायग्लिसराइड नावाची चरबी सोडत राहते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून काही वर्षे भरपाई करते आणि पुढे थकते. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. फार तर मानेच्या मागे काळसर, मखमली पट्टा दिसू लागतो. तो मळ समजून दगडाने घासणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत.

दोन तक्रारी पुरुष स्वतः सांगत नाहीत. पहिली घोरण्याची, जी पत्नी सांगते: "मधेच यांचा श्वास थांबतो, मग दचकल्यासारखे होऊन पुन्हा घोरतात." मान आणि घशाभोवती चरबी साठल्याने झोपेत श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू घटतो, रक्तदाब चढतो, आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते. दुसरी तक्रार लैंगिक दुर्बलतेची. तिच्यासाठी जाहिरातीतील औषधे आणली जातात, प्रत्यक्षात मात्र तो पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे बिघाड तिथे आधी दिसतो, छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधीसुद्धा. शिवाय चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामध्ये करतात, त्यामुळे उत्साह आणि स्नायू दोन्ही घटतात. ही तक्रार घेऊन कोणी आलाच, तर मी आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतो. लाजून घरी बसलेल्या माणसाला मी हेच सांगेन, की ही तक्रार वेळेवर सांगितल्याने तुमचे हृदय वाचू शकते.

मग करायचे काय? पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरत नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्यांनीही नाही आणि मध-लिंबाच्या पाण्यानेही नाही. पण एकूण वजन थोडे जरी उतरले, तरी यकृतातली चरबी लवकर कमी होते, ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्याइतका व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. त्यातून मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी वजनाचे हे सात टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो होतात. मी जेवण तोडायला सांगत नाही. संध्याकाळचे फरसाण, दारू आणि तिच्याबरोबरचा चखणा, रात्री उशिराचे भरपेट जेवण, यांच्यापासून सुरुवात करा, आणि ताटात भाताआधी उसळ व भाजी येऊ द्या. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते. आणि पुढच्या वेळी सर्दीसाठी आलात, तरी माप आणि रक्तदाब या दोन गोष्टी तपासून घेतल्याशिवाय परत जाऊ नका.