डबा गेला, डिस्क राहिल्या

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो तर घर फारच शांत वाटायला लागलं. पंखा चालू, म्हणजे लाईट आहे, शेजारच्यांचा टीव्हीही चालू, मग गेलं काय? तर टीव्हीच्या कपाटातल्या नॅसची, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, फोटो-फाइली साठवायच्या चार डिस्कच्या यंत्राची घरघर थांबलेली. बायको त्याला 'तो डबा' म्हणते, आता मीही म्हणतो. बटण दाबलं की निळा दिवा लुकलुकतो आणि बस्स. दुसरा अडॅप्टर लावून पाहिला, रॅम काढून परत बसवली, डिस्क काढून रिकामा चालू करून पाहिला, दिवा आपला लुकलुकतोय. मदरबोर्ड गेला. वॉरंटी तर कधीच संपलेली.

"फोटो गेले का?" हा घरातून येणारा पहिला प्रश्न, आणि इथे मला भाव खायला मिळतो. कारण गेलाय तो डबा. डिस्क धडधाकट आहेत. आत सगळा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचाच कारभार असतो आणि प्रत्येक डिस्कवर एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं की ही कुठल्या ग्रुपमधली, कितव्या नंबरची, बाकीच्यांबरोबर शेवटचं कधी लिहिलं. त्याच कंपनीचा नवा डबा आणायचा, डिस्क खोचायच्या, तो विचारतो मायग्रेट करू का, हो म्हणायचं. मग तो स्वतःची सिस्टीम नव्याने टाकून घेतो आणि डेटाला हात लावत नाही. फक्त इनिशियलाइज, म्हणजे डिस्क पुसून नव्याने सुरुवात, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर बोट मागे घ्यायचं.

कंपनी सांगते डिस्क त्याच क्रमाने लावा. लिनक्सला खरं तर क्रमाचं काही पडलेलं नसतं, तो डिस्कवरचं वाचून आपलं आपण जुळवतो, हे मला पक्कं माहितीये. तरी ट्रे बाहेर ओढायच्या आधी मी मास्किंग टेपवर मार्करने १, २, ३, ४ लिहून चिकटवलंच. त्याशिवाय हात पुढे जाईना.

हे सगळं मामाच्या दुकानातून आलंय. सुट्टीत आजोळी गेलं की रात्री दुकान बंद करायच्या वेळी फळ्या द्यायचं काम आम्हा पोरांकडे. शटर नव्हतं तेव्हा, लाकडी फळ्या, आतल्या बाजूने ऑइलपेंटने नंबर घातलेले. मामा हात पुढे करून नुसता "तीन" म्हणायचा, वर बघायचाही नाही, आपण तीनच द्यायची. वरच्या खाचेत घालायची, खालच्या खाचेत सोडायची, सरकवायची. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, मग सात नंबरची हमखास अडायची आणि मामा तिला खांद्याने ढकलता ढकलता सुताराच्या नावाने बोटं मोडायचा. शेवटी आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. चुकून पाचच्या जागी सहा दिली तर मामी आतून ओरडायची, शाळेत काय शिकवतात रे तुम्हाला! तेव्हापासून मला नंबर घातल्याशिवाय काही उघडता येत नाही. आमच्या पडद्यांच्या रॉडलासुद्धा नंबर आहेत, हसा खुशाल.

असो. नवा डबा आला, डिस्क टेपसकट आत गेल्या (टेप काढा लेको, तापतात त्या), मायग्रेट झालं, सगळे फोल्डर जागच्या जागी. तेवढ्यात मला बुद्धी झाली आणि डिस्कचं आरोग्य उघडून बसलो. प्रत्येकीचे त्रेचाळीस हजाराच्या वर तास भरलेत, म्हणजे पाच वर्षं अखंड फिरतायत. चौघी एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या. त्या रेड ५ मध्ये आहेत, म्हणजे डेटा चौघींवर असा वाटून ठेवलेला की एक गेली तर चालतं, आणि ती बदलताना उरलेल्या तिघींना अथपासून इतिपर्यंत वाचून काढावं लागतं, त्यातच दुसरी बसली की मग सगळंच बसलं. तरी लोक रेडलाच बॅकअप समजतात. माझी एक कॉपी ताईकडे असते, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, तिच्या साड्यांच्या कपाटात.

बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तू नसताना हा बंद पडला तर मी काय करायचं?" प्रवासाला वगैरे गेलास तर, असं पुढे जोडलं तिने, पण जरा उशिरा.

लिहून ठेवतो म्हटलं. वही घेतली, कुठली डिस्क कुठे, कुठलं बटण दाबायचं नाही, ताईचा नंबर, सगळं लिहिलं. पासवर्डपाशी अडलो. तो नुसता बोटांना पाठ आहे. कीबोर्ड पुढे ओढून टाइप करत करत एकेक अक्षर वहीत उतरवून घेतोय.