तोगोशी गिंझात भाजी घेताना दादर आठवतं

टोकियोत चार वर्षं झाली, पण दादरची खरी आठवण येते ती संध्याकाळी तोगोशी गिंझातून कांदे-बटाटे घेऊन घरी चालत येताना.

इथे बाजाराच्या गल्लीला शोतेंगाई म्हणतात. तोगोशी गिंझा साधारण 1.3 किलोमीटर लांब, अरुंदसा रस्ता आणि दोन्ही बाजूंना मिळून चारशेच्या आसपास दुकानं. 1923 च्या भूकंपानंतर इथल्या चिखलावर उपाय म्हणून टोकियोच्याच गिंझा नावाच्या भागातल्या विटा आणून टाकल्या, त्यावरून हे नाव पडलं. टोफू, मासे, चपला, औषधं, गरमागरम कोरोक्के (बटाट्याचे कटलेट) तळून देणाऱ्या काकू, सगळं एका रांगेत, आणि मध्येच तीन डब्यांच्या छोट्या ट्रेनचं स्टेशन, त्यातून बाहेर पाय टाकला की तुम्ही थेट बाजारातच! दुपारनंतर काही तास गाड्यांना बंदी, त्यामुळे म्हाताऱ्या आजी रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात, ओळखीचं कोणी भेटलं की तिथेच उभं राहून गप्पा.

आपल्याकडेही हेच होतं ना. आई ऑफिसमधून सुटून दादरला उतरली की रानडे रोडवरून येता येता कढीपत्ता, लिंबं, एखादा गजरा घ्यायची, बाजारहाटासाठी वेगळं बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक ज्या वाटेने चालतं तिथेच बाजार बसतो. 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि मग हायकोर्टाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं. ती भीती मला कळते, त्या गर्दीत मीही गुदमरलेय. पण 2014 च्या कायद्यात फेरीवाल्यांचा सर्व्हे, त्यांच्यासाठी झोन, समिती हे सगळं लिहिलेलं आहे, ते आधी मनापासून करायला हवं होतं. लांबच्या गल्लीत पट्टे मारून दिलेल्या जागेवर मेथीची जुडी कोण घ्यायला जाणार?

इथेही सगळीकडे असं छान नाहीये हं. मोठ्या दुकानांवर लगाम ठेवणारा कायदा 2000 साली गेला, गावाबाहेर हायवेला मॉल उभे राहिले आणि छोट्या शहरांतल्या कितीतरी शोतेंगाईंची शटरं कायमची खाली आलीत.

पण मला सगळ्यात जास्त लागलंय ते दादरच्या आमच्याच बिल्डिंगचं. जुन्या बिल्डिंगखाली किराणा, शिंपी, पिठाची गिरणी, सगळी पागडीची, रोडटच दुकानं. आता तिथे टॉवर, पुढून चार मजले पार्किंगचं पोडियम, गेट, वॉचमन. रस्त्याने चालताना नुसती भिंत दिसते आणि संध्याकाळी तिथे अंधार असतो, आधी दुकानांच्या दिव्यांचा उजेड असायचा. गिरणीवाल्या काकांना दुकान मिळालंय, कागदावर तेवढाच कार्पेट एरिया, पण मागच्या बाजूला. जाता-येता दिसत नाही म्हणून नवं गिऱ्हाईक येत नाही, आणि आई परवा फोनवर म्हणाली की ती आता तयार पिठाची पिशवीच आणते, दळण घेऊन पूर्ण बिल्डिंगला वळसा घालायचा म्हणजे गुडघे ऐकत नाहीत. चाळीस वर्षं तिने त्यांच्याकडेच दळलंय हो.

तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग असेल तर सही करायच्या आधी ग्राउंड फ्लोअरचा प्लॅन मागून बघा, खालच्या दुकानांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते विचारा. आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.