आंब्याचा बुडखा चिरला, माझा अनुभव

झाड पाडलं की खोडाला गिऱ्हाईक मिळतं, फांद्या सरपणात जातात आणि बुडखा मात्र तसाच जमिनीत कुजत पडतो. माझ्या मते झाडातलं सगळ्यात देखणं लाकूड नेमकं तिथेच असतं. खोडात लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, सरळ वर जातात, पण बुंध्यापाशी त्याच रेषांना वळून मुळांत शिरायचं असतं, वरून अख्ख्या झाडाचं वजन आणि वाऱ्याचा हेलकावा पण तिथेच येतो, त्यामुळे कापडाला चुण्या पडाव्यात तशा रेषा दुमडतात आणि एकमेकींत गुंततात. फळी काढल्यावर जी लाटांसारखी नक्षी दिसते ती या दुमडीचीच. अक्रोडाच्या बुडख्यातून बंदुकीचे दस्ते काढायची पद्धत जुनी आहे ती याच कारणासाठी, देखणेपणा आहेच आणि गुंतलेली रेषा सहज फाटतही नाही.

मला मिळाला तो जुन्या आंब्याचा बुडखा, पाडून बरेच दिवस झालेले. भोवती खणून मुळं मोकळी केली आणि जाड मुळं बुंध्यापासून जरा लांबच तोडली, कारण मूळ जिथे खोडाला मिळतं ते कोपरंच तर हवं असतं, ते तोडून टाकलं तर मग राहिलं काय. मातीतले हे कट चेनसॉला (साखळीच्या मशीन करवतीला) जुनी चेन लावून मारायचे, नवीन चेन मातीला अजिबात लावायची नाही. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकंच जड असतं, म्हणजे एक घनमीटर धरला तर टनाच्या आसपास, त्यामुळे उचलायला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लागतोच, नुसत्या पहारीवर भागत नाही.

मग धुणं. लोक याला कंटाळतात पण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि जायलाच हवा. मूळ जाड होत जाताना आजूबाजूचे खडे पोटात घेतं, वरून साल बंद होते आणि आत दगड आहे हे कळतसुद्धा नाही. प्रेशरचं पाणी मारलं, तारेच्या ब्रशने घासलं, मग पटाशीने साल पूर्ण काढली आणि जिथे साल आत दुमडून गेली होती त्या प्रत्येक खाचेत बारीक पटाशी घालून बघितलं. एका खाचेतून सुपारीएवढा खडा निघाला, त्याच्याभोवती लाकूड इतकं घट्ट बसलेलं की ठोकूनच काढावा लागला. नंतर मेटल डिटेक्टर फिरवला. जुन्या झाडात खिळे, तारा काहीही असतं. ओक, अक्रोड, बाभूळ अशा टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पडतो, तो दिसला तरी लगेच थांबायचं.

आता खरी गोष्ट, पहिला कट. बुडख्यात हा एकच निर्णय असा आहे की तो मारला की पुढचं सगळं ठरून जातं, म्हणून मी बुडखा उलटा-सुलटा करून दोन्ही बाजूंनी खडूने आखत बसलो. वाढीच्या वलयांचा मधला ठिपका आणि सगळ्यात जाड दोन मुळं एकाच कटात येतील अशी रेष धरली. याचे दोन फायदे. एक तर खोडाची रेषा दोन्हीकडे मुळांत वळताना त्या फळीवर पूर्ण दिसते. दुसरं म्हणजे ठिपक्यातून मधोमध चिरल्याने लाकडावरचा ताण सुटतो, कारण लाकूड वलयांच्या दिशेने आकसतं ते ठिपक्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट, आणि ठिपका फळीच्या पोटात अख्खा राहिला तर तडा हमखास जातो.

कटसाठी चेनसॉ मिल, म्हणजे सारख्या जाडीच्या फळ्या काढायला चेनसॉला बसवायची चौकट, वापरली, पहिल्या कटला वर दोन सरळ पट्ट्या स्क्रूने बसवून त्याच्यावरून सरकवली. चेन उभं चिरायची हवी, तिच्या दातांना साधारण १० अंशाचा कोन असतो, आडव्या कटची चेन इथे नुसती घासत राहते. मागे पाचरी मारत जायच्या म्हणजे फट मिटून बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) अडकत नाही. आणि भुसा बघत राहायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं! खोडाच्या भागात बारीक पीठ पडतं, पण रेषा मुळाकडे आडवी वळली की लांब लांब तंतू यायला लागतात. म्हणजे लाकूड आत कसं वळतंय ते फळी उघडायच्या आधीच कळतं. आंब्याच्या चिकाने आणि भुशाने काहींना पुरळ उठतं, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि मास्क पाहिजेच. काळ्या रेघांचं, म्हणजे बुरशीने नक्षी काढलेलं लाकूड असेल तर मास्क आणखीच.

फळी उघडली आणि वर पाणी टाकलं, एका कोपऱ्यात आडव्या लाटा, मधे सोनेरी-तपकिरी पट्टे आणि दोन बुरश्या समोरासमोर आल्या की जी काळी सीमा पडते तिच्या बारीक रेघा. मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

फळ्या तीन इंच जाड ठेवल्या, बुडख्याचं लाकूड पिळतं, मग रंधा मारायला माल शिल्लक पाहिजे ना. रेषेच्या टोकातून ओल आडव्या बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने जाते आणि बुडख्यात रेषेची टोकं सगळीकडेच असतात, म्हणून नुसत्या कडांना नाही तर नक्षीच्या भागावर दोन्ही बाजूंनी मेण लावलं. आंब्याला भुंगेरे फार लवकर लागतात, त्यामुळे मेणाच्या आधी बोरेटचं (किडीपासून लाकूड वाचवणाऱ्या क्षाराचं) पाणी मारून घेतलं. मग सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी आणि वर वजन. इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशोब सांगतात, पण मी मधून मधून एक फळी वजन करून बघतो, वजन उतरायचं थांबलं आणि ओल मोजायचा मीटर १२ टक्क्यांच्या आसपास आला की मगच हात लावायचा. रंध्याच्या मशीनवर अशा रेषेची ढलपी उडते, त्यामुळे शेवटचा हात स्क्रेपर (खरवडायची पोलादी पट्टी) आणि सँडिंगने. उरलेले तुकडे मी वेगळे मेण लावून ठेवलेत, सुरीच्या मुठींना आणि पटाशीच्या दांड्यांना तेवढे पुरतात.