वाचनालयाचं रजिस्टर, एसक्यूलाइट आणि मराठी आकडे

गिरगावात आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय आहे, तिथल्या काकू सगळ्या पुस्तकांची नोंद जाडजूड रजिस्टरमध्ये ठेवायच्या, आणि पावसाळ्यात त्याची पानं दमट होऊन एकमेकांना चिकटायची. मागच्या जुलैत पानं सोडवताना दोन फाटलीच, तेव्हा म्हटलं आता हे एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये घालून टाकू. सगळा डेटा एका फाईलमध्ये, वेगळा सर्व्हर बसवायला नको, चार हजार पुस्तकांना याहून जास्त काही लागतही नाही.

प्रश्न होता एडिटरचा, म्हणजे नोंदी बघायच्या-बदलायच्या प्रोग्रामचा. काकूंना काय क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, लिहायला लावणार? पण ब्राउझर त्यांना छान येतो, लाइट बिल त्या स्वतःच ऑनलाइन भरतात. म्हणून ब्राउझरमध्येच चालणारं एसक्यूलाइट-वेब घेतलं. अ‍ॅडमिनर हे तसंच दुसरं टूलही पाहिलं होतं, पण त्याला पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा लागते आणि वाचनालयाच्या जुन्या लिनक्स पीसीवर एसक्यूलाइट-वेबला लागणारं पायथन आधीच होतं. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने ते घातलं, डेटाबेसच्या फाईलचं नाव देऊन चालू केलं, ब्राउझरमध्ये ८०८० पोर्टवर टेबल समोर हजर.

पहिली नोंद सेव्ह करताना मात्र एरर आली की डेटाबेस रीडओन्ली आहे. फाईलला लिहायची परवानगी होती, तरी. अर्धा तास त्यातच गेला. झालं असं होतं की एसक्यूलाइट लिहिताना त्याच फोल्डरमध्ये जर्नलची, म्हणजे बदल अर्धवट राहिला तर मागे घेता यावा म्हणून, तात्पुरती फाईल बनवतं, त्यामुळे परवानगी फोल्डरलाही लागते, आणि मी ती दिलीच नव्हती.

दुसऱ्या टेबलावरच्या लॅपटॉपवरूनही नोंदी करायच्या होत्या. एसक्यूलाइट-वेब मुळात फक्त ते चालू असलेल्या मशीनवरून उघडतं, वायफायवर बाकीच्यांना दिसायला होस्ट ०.०.०.० द्यावा लागतो, आणि तो देताना पासवर्डचा ऑप्शन लावाच, कारण तिथे सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते असतात आणि वाचनालयाचं वायफाय निम्म्या वाडीला माहीत असतं.

आता खरी गोष्ट. आठवड्याभराने काकू म्हणाल्या, "अरे, हे एकच पुस्तक दोनदा कसं आलं?" दाखल क्रमांकाच्या कॉलमला मी युनिक, म्हणजे एक क्रमांक एकदाच, ही अट लावलेली, म्हणजे दोनदा येणं शक्यच नव्हतं. नीट बघितलं तर एका ओळीत आकडा इंग्रजीत होता आणि दुसरीत मराठीत, १२४७. काकू पुस्तकाचं नाव मराठी कीबोर्डवर टाइप करतात, मग त्याच हाताने क्रमांकही. कॉलम इंटिजर (पूर्णांकांचा) असला तरी एसक्यूलाइट साधारण टेबलात मजकूर नाकारत नाही, आणि मराठी आकडे त्याला आकडे वाटतच नाहीत, ते मुकाट टेक्स्ट म्हणून ठेवतं. किंमत कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारं टाइपऑफ लावून पाहिलं तर अशा ७३ ओळी निघाल्या, आणि क्रमाने लावल्या की सगळ्यात शेवटी जाऊन बसलेल्या.

एसक्यूलाइटच्या ३.३७ व्हर्जनपासून स्ट्रिक्ट टेबल करता येतं, ते असा मजकूर सरळ नाकारतं. पण मला ते पटेना. मराठी वाचनालयात मराठी आकडा लिहिला तर चूक माणसाची का धरायची? दरवेळी काकूंनी कीबोर्ड बदलायचा, हे मला मान्य नाही.

जुन्या ओळी पायथनने दुरुस्त केल्या, मजकुराची संख्या करणारं त्याचं इंट फंक्शन मराठी आकडे सरळ वाचतं, हे पाहून मला फार आनंद झाला. पुढच्या नोंदींसाठी दोन ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लिहिले, एक नवी नोंद टाकल्यावरचा (इन्सर्ट), एक नोंद बदलल्यावरचा (अपडेट). क्रमांक टेक्स्ट असेल तर एकात एक दहा रिप्लेस लावून ० ते ९ चे इंग्रजी आकडे करायचे आणि परत त्याच कॉलममध्ये ठेवायचे, इंटिजर कॉलम असल्यामुळे तो आपोआप संख्या होतो. नंबर आधीच असेल तर युनिकची एरर येते आणि अख्खी नोंद मागे जाते, जे हवंच होतं.

बॅकअपला एडिटर चालू असताना फाईल तशीच कॉपी करत नाही, एसक्यूलाइटची व्हॅक्यूम इन्टू ही आज्ञा वापरून वेगळी फाईल काढतो, दर शनिवारी.

काल काकूंनी मुद्दाम जुनाच क्रमांक मराठीत टाकून पाहिला, लाल एरर आली, आणि त्यांनी लगेच कपाटातून ते पुस्तक काढून पाठीवरची चिठ्ठी माझ्यासमोर धरली. आता देवघेवीचं टेबल घ्यायचंय, तिथे तारखाही मराठीतच येणार.