तुम्ही विचारलंत म्हणून: गांजाने कोकेन सुटते का?

मी औषधशास्त्र शिकवते हे कळले की विद्यार्थी आणि त्यांचे पालकही हमखास विचारतात: मेंदूत गांजासाठी मुळातच जागा असते म्हणे, मग कोकेन किंवा एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) सोडवायला गांजा का चालू नये?

जागा असते हे खरे, पण ती गांजासाठी नसते. ही जागा म्हणजे सीबी-१ हा ग्राही, पेशीवरचा असा भाग जिथे ठरावीक द्रव्य येऊन बसते. तो मेंदूतच तयार होणाऱ्या २-एजी आणि आनंदामाइड (हे १९९२ साली जेरुसलेममध्ये सापडले) या द्रव्यांसाठी असतो; गांजातील नशा आणणारे टीएचसी तिथे परस्पर जाऊन बसते. ही द्रव्ये उलट्या दिशेने काम करतात, म्हणजे संदेश घेणारी पेशी ती सोडते आणि पाठवणाऱ्या पेशीला आवरते. सुखाची ओढ लावणारे डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर गाबा या पेशींना शांत करणाऱ्या द्रव्याचा लगाम असतो. कोकेनमुळे त्या पेशींतून २-एजी सुटले की ते गाबा पाठवणाऱ्या पेशींना आवरते, हा लगाम ढिला पडतो आणि डोपामिन आणखी वाढते. डोपामिन पुन्हा शोषले जाऊ न देण्याचे कोकेनचे मूळ काम मात्र याविनाही चालते, आणि म्हणूनच सीबी-१ नसलेले उंदीरही काही प्रयोगांत कोकेन घेत राहिले.

माझ्या मते खरी मेख नशेत नसून सुटलेले व्यसन पुन्हा जडण्यात आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोकेन बंद झालेल्या उंदरांना एचयू-२१० हे टीएचसीच्याच जातीचे पण कितीतरी जहाल द्रव्य दिल्यावर ते पुन्हा कोकेन शोधू लागले. उलट, रिमोनाबँट या औषधाने सीबी-१ अडवल्यावर कोकेनशी जोडलेल्या खुणांनी किंवा खुद्द कोकेननेच चाळवणारी ओढ कमी झाली; ताणातून उठणारी मात्र झाली नाही. म्हणजे तुम्ही सुचवता तो उपाय या प्रयोगांच्या नेमका उलट जातो. (हे सारे कोकेनवरचे काम आहे, एमडीही डोपामिन वाढवते, पण तेवढ्यावरून हेच निष्कर्ष त्याला चिकटवणे मला पटत नाही.)

मग रिमोनाबँटच का देत नाहीत? युरोपात ते २००६ साली लठ्ठपणासाठी बाजारात आले आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण ज्या ग्राहीला ते अडवते त्याच्यावर मनःस्थितीचाही भार असतो. गांजातीलच, पण नशा न आणणाऱ्या सीबीडीवर अनेकांची भिस्त होती; माँट्रियलमध्ये ७८ कोकेनग्रस्तांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८०० मिलिग्रॅम देऊनही ना ओढ कमी झाली, ना व्यसनाकडे परतणे.